टाका एवढासा, पण हाड आपल्या वेळेनंच जुळतं

उंब्रजजवळच्या एका ताईंचं मोठं पत्र आलंय, त्यांनी नाव छापू नका म्हणलंय म्हणून ताईच म्हणते. वय ४२, अंगणवाडीत सेविका आहेत. दुसऱ्या बाळंतपणापासून, म्हणजे ९ वर्षं झाली, डाव्या बाजूला कंबरेखाली कळ येते, मुलांबरोबर खाली बसलं की उठताना जीव जातो, एसटीत खड्डा आला की डोळ्यांत पाणी येतं. दोन एमआरआय झाले, मणक्यात गॅप आहे म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या झाल्या, पट्टा झाला, आणि आता पुण्यातल्या सर्जननी तपासून सांगितलं की दुखणं मणक्याचं नाही, एसआय जॉइंटचं, म्हणजे मणक्याच्या खालच्या टोकाशी असलेल्या सांध्याचं आहे, तो सांधा छोट्या छेदातून स्क्रू टाकून जुळवून टाकू, दोन दिवसांत घरी. सासूबाई म्हणतात दुर्बिणीचं छोटं ऑपरेशन आहे, आठ दिवसांत उभी राहशील. मालक साखर कारखान्यात आहेत, मार्चपर्यंत हंगाम. ताई विचारतात, करू का, तयारी काय करू, पुन्हा खाली मांडी घालून बसता येईल का, आणि माउलींच्या पालखीबरोबर लोणंद ते फलटण चालते दरवर्षी, ते सुटणार का. शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय, "मिसरी लावते दोन टाइम, हे डॉक्टरांना सांगितलं नाही."

ताई, तुमचं पत्र वाचताना मला माझेच दिवस आठवले. माझं उजव्या बाजूचं हेच ऑपरेशन ४९ व्या वर्षी झालं, त्याला आता तीन वर्षं होऊन गेली. त्याआधी दोन वर्षं मी पण ते अंगावर काढलं, एका डॉक्टरांनी तर मला सरळ तोंडावर सांगितलं की रिपोर्टमध्ये काही नाही, या वयात बायकांना असं वाटतं. त्या दिवशी घरी येऊन मी कोणाशी बोलले नाही. म्हणून आधी हे सांगते की तुमचं दुखणं खरं आहे. कंबरदुखीच्या जुन्या पेशंटमधले साधारण १५ ते ३० टक्के लोक असे असतात की ज्यांचं मूळ या सांध्यात असतं, आणि एमआरआयमध्ये ते बऱ्याचदा दिसतच नाही, उलट चाळिशीनंतर मणक्यात काही ना काही गॅप बहुतेकांना दिसते, मग सगळा दोष तिच्यावर जातो.

हा सांधा म्हणजे, मणका खाली जिथं संपतो ते त्रिकोणी हाड आणि दोन्ही बाजूचं कंबरेचं रुंद हाड जिथं एकमेकाला भिडतात ती जागा. पाठीला खाली दोन खळ्या असतात ना, त्याच्या जरासं खाली. हलतो म्हणायचं तर २-४ अंश, पण वरच्या धडाचं सगळं वजन त्याच्यातनं पायात उतरतं. गरोदरपणात हार्मोनमुळे तिथले बंध सैल पडतात, बाळ बाहेर यायला जागा व्हावी म्हणून, आणि काही बायकांचे ते नंतर पहिल्यासारखे घट्ट होत नाहीत. तुम्ही लिहिलंय की कुठं दुखतं विचारलं तर तुम्ही एका बोटानं बरोबर त्या खळीखाली दाखवता. हे चांगलं लक्षण आहे, म्हणजे निदानाच्या दृष्टीनं. कारण मणक्याचं दुखणं असलेला माणूस बहुतेक वेळा अख्खा तळवा कंबरेवरून फिरवतो.

आता "करू का" याचं उत्तर. तुमच्या पत्रात एक गोष्ट मला कुठं सापडली नाही, ती म्हणजे इंजेक्शन. ऑपरेशनआधी एक्सरे मशीनखाली बघून त्या सांध्यात भुलीचं औषध सोडतात आणि पुढचे काही तास दुखणं किती कमी होतं ते बघतात. निम्म्याहून जास्त कमी झालं, बरेच सर्जन ७५ टक्के धरतात, तर दुखणं तिथलंच हे पक्कं. हे झालं नसेल तर आधी ते करून घ्या असं मी अगदी हात जोडून सांगते, कारण चुकीच्या जागी टायटॅनियम टाकून काय करायचं?

माझं इंजेक्शन मिरजेत झालं. पालथं झोपवलं, सुई टोचताना बरोबर तीच ओळखीची कळ उठली आणि डॉक्टर म्हणाले आता उठा आणि ज्यानं दुखतं ते सगळं करा. मी बाहेरच्या लाकडी बाकड्यावर जाऊन बसले, एरवी त्यावर दोन मिनिटं निघायची नाहीत. वीस मिनिटं बसले. मग रिक्षानं सांगलीला येताना रस्त्यावरचे स्पीडब्रेकर मी मोजत होते आणि एकाही धक्क्याला कळ आली नाही, मी रिक्षात रडले. चार तासांनी भूल उतरली आणि दुखणं परत आलं, पण मला उत्तर मिळालं होतं. तुम्ही पण तो दिवस घरी पडून काढू नका, वही घेऊन दर तासाला लिहा, बसल्यावर किती, जिना चढताना किती, दहापैकी आकडा टाका आणि ती वही सर्जनना दाखवा.

आणि निदान सहा महिने नीट फिजिओ, एसआय बेल्ट म्हणजे या सांध्यासाठीचा पट्टा, गोळ्या, हे सगळं मनापासून करून झालंय का हेही स्वतःला विचारा. तुमचं ९ वर्षांचं आहे म्हणजे बहुतेक झालंच असणार, पण मणक्याचे व्यायाम आणि या सांध्याचे व्यायाम वेगळे असतात.

सासूबाईंना आदरानं सांगा की हे दुर्बिणीचं नाही. यात पोटात कॅमेरा वगैरे जात नाही. पूर्ण भूल देतात, कुल्ल्याच्या बाजूला दोन-तीन सेंटीमीटरचा छेद घेतात, सी-आर्म म्हणून एक्सरेचं मशीन असतं त्याच्या पडद्यावर बघत बघत आडवे दोन किंवा तीन टायटॅनियमचे तुकडे ठोकतात किंवा पिळतात, काही त्रिकोणी असतात काही स्क्रूसारखे. तासाभराचं काम. काही सर्जन मागच्या बाजूनं जाऊन हाडाचा तुकडा बसवतात, ती पद्धत वेगळी. तुमची कुठली ते विचारून घ्या, कारण नंतरचे नियम त्यावर ठरतात. बाजूनं टाकतात त्या तुकड्यांचा पृष्ठभाग बहुतेक खरखरीत असतो, हाड त्याच्यात शिरून धरावं म्हणून. म्हणजे सर्जननी फक्त खिळा मारला, भिंत तयार व्हायची तुमच्या शरीरात आणि त्याला तीन ते सहा महिने, कधी वर्ष लागतं. छेद लहान असल्याचा फायदा एवढाच की स्नायू कमी कापले जातात, रक्त कमी जातं, घरी लवकर जाता येतं. हाड काही त्यामुळे लवकर जुळत नाही. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, कारण एवढीशी पट्टी बघून दहाव्या दिवशी सगळ्यांना वाटतं ही बरी झाली, आणि खरं सांगू का, सगळ्यात आधी ते आपल्यालाच वाटतं.

आता मिसरी. ताई, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल तुमचं खरंच कौतुक वाटलं, कारण आपल्याकडं सातारा-सांगलीत घरोघरी बायका लावतात आणि दवाखान्यात व्यसन काही आहे का विचारलं की नाही म्हणतात, कारण मिसरी म्हणजे तंबाखू असं कोणी धरतच नाही. पण ती भाजलेली तंबाखूच आहे, हिरडीतनं निकोटिन रक्तात जातं, बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला जे रक्त लागतं तेच कमी पडतं. सिगारेट ओढणाऱ्यांची हाडं उशिरा जुळतात किंवा जुळतच नाहीत हे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे, मिसरीबद्दल त्यांना तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार कसं? ऑपरेशनच्या आधी कमीत कमी सहा आठवडे बंद करा आणि नंतर हाड जुळलंय असं डॉक्टर म्हणेपर्यंत परत हात लावू नका, त्यापुढं लावायची गरजही उरणार नाही. पहिला आठवडा वाईट जातो, डोकं दुखतं, चिडचिड होते, आणि सकाळी मिसरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही ही तक्रार तर हमखास येते. त्यासाठी उठल्या उठल्या कोमट पाणी, रात्री इसबगोल. तोंडाला चाळा म्हणून लवंग किंवा बडीशेप ठेवा. निकोटिनची गोळी चघळायला मिळते पण त्यातही निकोटिनच असतं म्हणून डॉक्टरांना विचारूनच.

तारखेचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे, हंगाम संपू द्या. हे काही आज नाही केलं तर पाय जाईल असं ऑपरेशन नाही. मालक रात्रपाळीला आणि तुम्ही वॉकरवर, लहान लेकरं घरात, हे नको. मार्चनंतर केलंत तर मधल्या काळात इंजेक्शन होईल, मिसरी सुटेल, शुगर आणि व्हिटॅमिन डी तपासून काही कमी-जास्त असेल तर ताळ्यावर आणता येईल, आणि त्या खालच्या भागाचे नि पोटाचे व्यायाम करून स्नायूंना थोडा जोर येईल. मेडिक्लेम असेल तर कॅशलेसची मंजुरी आधी मागवा आणि इस्टिमेटमध्ये इम्प्लांटची किंमत वेगळी लिहून मागा, कारण खर्चातला मोठा वाटा तोच असतो आणि नंतर त्यावरूनच गोंधळ होतो.

घराची तयारी ऑपरेशनच्या आधी करायची, नंतर नाही. तुमच्याकडं खाली अंथरूण घालून झोपायची पद्धत असेल तर ते बंद, कॉट हवी, आणि अशी उंच की बसल्यावर गुडघे कंबरेच्या वर जाणार नाहीत. संडास देशी असेल तर त्यावर ठेवायची कमोड खुर्ची मिळते, वॉकर आणि ही खुर्ची दोन्ही विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही, बऱ्याच गावांत मंडळं, ट्रस्ट रुग्णसाहित्य डिपॉझिटवर देतात, कराडला चौकशी करा. न्हाणीत प्लास्टिकची भक्कम खुर्ची, अंघोळ बसूनच. पायपुसणी गोळा करून ठेवा, वॉकरचा पाय त्यात अडकतो. आणि उंबरा! आपल्या जुन्या घरांचे उंबरे चांगले चार-चार बोटं उंच असतात, वॉकर घेऊन तो ओलांडायचा सराव आधी करा, दुखत नसलेल्या बाजूवर विश्वास बसेपर्यंत. वॉकरची मूठ हात सरळ सोडल्यावर मनगटाशी यायला हवी, भाऊजींनी लावून दिली म्हणून कशीही उंची चालत नाही. साडी नको, गुडघ्याखाली संपणारा गाऊन बरा. वॉकरला पुढं एक कापडी पिशवी बांधा, मोबाइल, पाण्याची बाटली त्यात, कारण दोन्ही हात मुठीवर असताना तुम्ही चहाचा कपसुद्धा नेऊ शकत नाही, हे कोणी सांगत नाही. स्वयंपाकघरात खालच्या कप्प्यातलं रोजचं सगळं ओट्यावर आणा.

दवाखान्यात भुलीच्या डॉक्टरांना सगळ्या गोळ्या दाखवा, रक्त पातळ करायची असेल तर ती कधी थांबवायची ते त्यांनाच ठरवू द्या, काढे आणि आयुर्वेदिक औषधंही सांगा, आणि मिसरीचंही. डावी बाजू आहे तर ऑपरेशनआधी डाव्या बाजूवर पेननं खूण करतात, ती तुमच्यासमोर झाली का बघा. मेंदी, नेलपेंट नको, बोटाला ऑक्सिजन मोजायचं क्लिप लावतात ते नीट चालत नाही.

पहिल्या दिवशीचं सांगते. माझं दुपारी झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओची मुलगी आली, पंचविशीची असेल. म्हणाली, "काकू, उजवा पाय असा टेकवायचा की खाली पापड वाळत घातलेत आणि एकपण मोडायचा नाही." मग तिनं वजनकाटा आणला, आपला साधा, काटा फिरतो तो, त्यावर उजवं पाऊल ठेवायला लावलं आणि म्हणाली १५ च्या पुढं काटा जाऊ देऊ नका. मी हळूच टेकवलं असं मला वाटलं आणि काटा ३२ वर. आपल्याला कळतच नाही आपण किती भार टाकतो. चार-पाच वेळा केल्यावर पायाला ते वजन समजलं. घरी पण मी पहिले पंधरा दिवस रोज सकाळी काट्यावर एकदा पाय ठेवून बघायचे. तुमचे सर्जन किती भार आणि किती आठवडे सांगतात ते त्यांच्याकडनं लिहून घ्या, कोणी पहिल्या दिवसापासून झेपेल तेवढा टाकू देतात, बरेच जण तीन ते सहा आठवडे अर्धवट भार सांगतात. दुसऱ्या कोणाच्या पेशंटचं ऐकून बदल करायचा नाही, माझंही नाही.

कुशीवर वळताना खांदा आणि कंबर एकदम, ओंडका लोटल्यासारखं, दोन गुडघ्यांमध्ये उशी. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. पुण्याहून येताना पुढची सीट मागं रेलून घ्या, गाडीत बसताना आधी पाठमोरं बसायचं आणि मग दोन्ही पाय जोडून आत, एक पाय आत एक बाहेर असं नाही, तेच त्या सांध्याला पिळतं. खंबाटकी चढायच्या आधी एकदा आणि साताऱ्यात एकदा थांबून उभं राहा, गाडीत पावलं वरखाली करत राहा, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. एसटी पहिले सहा आठवडे तरी नाही, स्कूटी त्याहून नंतर.

गोळ्यांनी पोट गच्च होतं, कुंथताना त्या जागेवर कळ येते, तेव्हा पपई, पाणी, इसबगोल पहिल्या दिवसापासून. आणि दुखतंय म्हणून घरातली जुनी पेनकिलर घेऊ नका, काही प्रकारच्या पेनकिलर हाड जुळताना काही सर्जन टाळायला सांगतात.

माझी एक चूक सांगते, ती तुमच्याकडनं होऊ नये. चौथ्या आठवड्यात मला इतकं बरं वाटत होतं की दुपारी घरात कोणी नसताना मी वॉकर बाजूला ठेवला आणि पाण्याची भरलेली घागर ओट्यावरनं खाली उतरवली. त्या वेळी काहीच झालं नाही. रात्री मात्र कुल्ल्यात असा गोळा आला की सकाळपर्यंत डोळा लागला नाही, जीव खाली-वर, वाटलं स्क्रू हलला. एक्सरे काढला, सुदैवानं सगळं जागच्या जागी होतं, स्नायू आखडले होते, पण त्याला उतरायला दहा दिवस गेले. चौथा ते आठवा आठवडा, हाच काळ घसरायचा. दुखणं कमी झालेलं असतं आणि हाड अजून जुळलेलं नसतं.

आणि काही गोष्टी असल्या की वाट बघायची नाही, त्याच दिवशी सर्जनना फोन. ऑपरेशननंतर पायात नवीनच करंटसारखी कळ उतरायला लागली, पाऊल उचलता येईना किंवा बधिर झालं, तर इम्प्लांट नसेच्या जवळ गेलंय का बघावं लागतं आणि ते लवकर बघितलेलं बरं. ताप, जखमेतनं पाणी, लाली. एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली तरी तसंच. छातीत कळ किंवा धाप लागली तर फोनची पण वाट बघायची नाही, सरळ जवळचा दवाखाना गाठायचा.

अंगणवाडीचं म्हणाल तर तीन महिने तरी रजा धरून चाला, वरिष्ठांना आधीच लेखी द्या. खुर्चीवर बसून रजिस्टर लिहायचं काम आधी जमेल, पण लेकरू उचलून कडेवर घेणं, खाली बसून खाऊ वाटणं हे नंतर. मांडी घालता येते, मला येते, कारण मांडीची हालचाल बहुतांशी खुब्यातनं होते आणि तो सांधा मोकळाच असतो. पण उकिडवं बसायची परवानगी मला डॉक्टरांनी पाचव्या महिन्यात दिली आणि अजूनही मी फार वेळ तशी बसत नाही. दुखणं अगदी शून्य होईल असं मनात धरू नका. माझं आठवरनं दोनवर आलं, पावसाळ्यात कधी तीन. बहुतेकांना बराच फरक पडतो, काहींना कमी पडतो, क्वचित दुसऱ्या बाजूचा सांधा बोलायला लागतो. हे सगळं धरून मला परत कोणी विचारलं तरी ऑपरेशन करेनच म्हणते, आयर्विन पुलावरनं सांगलीवाडीला चालत जाऊन परत येते आता, मध्ये न थांबता.

वारी. मार्च-एप्रिलला ऑपरेशन झालं तर यंदाच्या आषाढीला जेमतेम तीन महिने झालेले असतील, यंदा चालायचं नाही, आणि चांदोबाच्या लिंबाच्या गर्दीतही जायचं नाही, रिंगणाच्या वेळी मागनं एक धक्का बसला तर काय करणार. पालखी लोणंदला मुक्कामाला असताना सकाळी लवकर, गर्दी कमी असताना, मालकांबरोबर गाडीनं जाऊन दर्शन घ्या. वर्षाच्या एक्सरेत हाड जुळलेलं दिसलं की पुढच्या साली लोणंद ते तरडगाव एवढाच एक टप्पा डॉक्टरांना विचारून चाला. फलटणचं त्याच्या पुढच्या साली बघू.

इंजेक्शन झालं की तुमच्या वहीतले आकडे मला कळवा, मी वाट बघतेय. आणि एक राहिलंच, पायातली जोडवी. ऑपरेशनला अंगावर धातू चालत नाही, मंगळसूत्र, बांगड्या सहज निघतात पण वर्षानुवर्षांची जोडवी निघत नाहीत आणि मग ऐन सकाळी कटर शोधत फिरावं लागतं. आधीच सोनाराकडून सैल करून ठेवा.